अबाया-बुरख्याची ऑर्डर आली तर आधी काय विचारायचं आणि मग कसं कापायचं

बेळगाव, निपाणी, खानापूर इकडं घरात मशीन टाकून शिवणाऱ्या आपल्या मराठी बायका ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको यात एकदम तरबेज असतात पण कुणी अबायाचं, म्हणजे कपड्यांवरनं घालायच्या लांब सैल झग्याचं, कापड आणून टेबलावर ठेवलं की गडबडतात. त्यात काय, काळं आणि सैल, झालं, असं धरून कात्री लावतात आणि चार दिवसांनी ते गिऱ्हाईक तोंड पाडून परत येतंय. सगळ्यांचं सारखं नसतंय ओ. एकाच गल्लीतल्या तीन घरांत तीन तऱ्हा, आणि त्या तऱ्हा म्हणजे नुसती फॅशन नव्हे, त्यामागं हजार-बाराशे वर्षं मोठमोठ्या आलिम, म्हणजे धर्माच्या जाणकार, लोकांचा वाद चाललाय आणि अजून मिटलेला नाही. तो वाद थोडा ठाऊक असला की कुठं किती इंच सोडायचे, बाही कुठंवर, गळा किती वर हे अर्धं तिथंच कळून जातंय. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

मी मराठा घरातली, शहापूरकडची. खाली लिहिलेलं बरंचसं गिऱ्हाईकांकडनं ऐकलेलं, त्यातल्या एक आपा आलिमा आहेत, मुलींना मदरशात शिकवतात, त्यांना विचारून घेतलेलं, आणि थोडं स्वतः वाचलेलं. कुणाला मसला, म्हणजे धर्माचा नियमच, विचारायचा असेल तर मौलानांना विचारा, माझ्या हातात फक्त कात्री आहे.

नाव ऐकून माप घेऊ नका

मुसलमान बाई दुकानात आली म्हणजे तिला बुरखाच पाहिजे असं काही नाही. चिकोडी, रायबाग, अथणीच्या खेड्यांत जावा, वयस्कर मुसलमान बायका साडी नेसून डोक्यावर पदर घेतलेल्या, आपल्या आजीत आणि त्यांच्यात फरक सांगता यायचा नाही. शिक्षिका, नर्स, बँकेत काम करणाऱ्या कितीतरी जणी ड्रेस आणि दुपट्टा, बस. कुणी नुसता स्कार्फ बांधते, कुणी अबाया घालते पण चेहरा उघडा, कुणी निकाब, म्हणजे चेहऱ्याचा पडदा, लावते आणि हातमोजेसुद्धा. आणि हे सगळं एका घरात पण असतंय, सासू साडी-पदरात, सून निकाबात, आणि नात कुर्ती-जीन्सवर स्कार्फ बांधून कॉलेजला.

आपल्याला वाटतं म्हातारी जास्त कडक असणार. बऱ्याच वेळा उलटं असतंय. शेतात भांगलायला जाणारी किंवा निपाणीत बिड्या वळणारी बाई बुरखा घालून काम कुठलं करणार, आधीच्या काळी आपल्या भागात बुरखा हे गावातल्या बऱ्या घरांचं काम होतं. आताच्या पोरी शिकलेल्या, धर्माचं पण शिकलेल्या, मोबाईलवर बयान, म्हणजे धर्माची प्रवचनं, ऐकतात, कुणाचा भाऊ सौदी-दुबईला असतो तिथनं कापड येतंय, त्यामुळं कितीतरी पोरी आईनं कधी न घातलेला अबाया स्वतःहून शिवायला टाकतात. आणि म्हातारीचं म्हणाल तर तिला कुराणातच सवलत आहे, सूरह नूरच्या ६० व्या आयतीत (सूरह म्हणजे अध्याय, आयत म्हणजे त्यातलं वचन) लिहिलंय की लग्नाची आशा उरली नाही अशा वयाच्या बायकांनी वरचं वस्त्र उतरवून ठेवलं तर हरकत नाही, नटून मिरवू नये एवढंच, आणि तरी जपलं तर जास्त चांगलं. त्यामुळं सत्तरीच्या चाचीनं साडी आणि वरनं पांढरी चादर एवढंच घेतलं तर तिचं काही चुकतंय असं आपण मनात पण आणू नये, सुनेला तर अजिबात सांगू नये.

मग विचारायचं काय? मी टेप हातात घ्यायच्या आधी एवढं विचारून घेते: चेहरा झाकणार की उघडा, आतमध्ये काय घालणार (साडी, ड्रेस की घरातली मॅक्सी), हे घालून जास्त करून कुठं जाणार, आणि स्कूटी चालवतेस का. शेवटचा प्रश्न ऐकून हसतात पण त्यावर घेर ठरतोय, पुढं सांगते.

वाद नेमका कुठं आहे

ज्याच्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते आधी लक्षात ठेवा कारण ते प्रत्येक ऑर्डरला लागतंय. कापड आरपार दिसणारं नको, अंगाला चिकटून आकार दाखवणारं नको, आणि छाती ओढणीनं झाकलेली पाहिजे. हे ओढणीचं सूरह नूरच्या ३१ व्या आयतीतलं. त्याच्या आधीची ३० वी आयत पुरुषांना उद्देशून आहे, तुमच्या नजरा खाली ठेवा म्हणून. आमच्या आलिमा आपा हे दर वेळी आठवण करून देतात, "अक्का, पहले मर्दों को बोला है, फिर औरतों को," आणि बाहेर गाडीवर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात.

आता वाद. त्याच ३१ व्या आयतीत आहे की बायकांनी आपला शृंगार दाखवू नये, जो आपोआप दिसतो तेवढा सोडून. आपोआप दिसतो म्हणजे काय? पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावानं येतंय की चेहरा आणि हात, म्हणजे डोळ्यातला सुरमा, बोटातली अंगठी. पैगंबरांचे दुसरे एक सहाबी, म्हणजे साथीदार, इब्न मसूद यांच्या नावानं येतंय की वरचे कपडे, एवढंच. बघा, पैगंबरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांतच दोन मतं, मग पुढं चौदाशे वर्षांत किती फाटे फुटले असतील. चेहरा उघडा चालतो म्हणणारे आणखी एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची सांगितली गेलेली हकीकत, देतात, पैगंबरांनी आपल्या मेहुणीला, अस्माला, चेहरा आणि हाताकडं बोट दाखवून सांगितलं की वयात आल्यावर एवढंच दिसावं. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे पण स्वतः अबू दाऊदनंच तिथं लिहून ठेवलंय की सांगणाऱ्यांची साखळी मध्ये तुटलीय, म्हणून समोरचे म्हणतात ही कमजोर.

मग सूरह अहजाबची ५९ वी आयत, त्यात बायकांनी घराबाहेर जाताना वरनं जिलबाब ओढून घ्यावा, म्हणजे ओळख पटेल आणि कुणी त्रास देणार नाही, असं आहे. अबाया, चादर, बुरखा हे सगळे त्या जिलबाबचे वेगवेगळ्या मुलखातले अवतार म्हणा. तो चेहऱ्यावरनं ओढायचा का डोक्यावरनं, तिथं परत दोन गट.

सुन्नींचे चार मजहब, म्हणजे धर्माचे नियम लावायच्या चार परंपरा, आहेत त्यांचं ढोबळमानानं असं. हनफी आणि मालिकी: चेहरा आणि हात हे झाकायच्या भागात मुळात येत नाहीत. शाफईंत दोन्ही मतं आहेत, नंतरच्या बऱ्याच जणांनी परक्या पुरुषासमोर चेहरा झाकायला सांगितलंय. हंबलींत चेहरा पण झाकायचा हे मत जोरदार, सौदीतले शेख बिन बाज त्याच बाजूचे. आपल्या इकडचे, म्हणजे बेळगाव-विजापूर-कोल्हापूर बाजूचे बहुतेक मुसलमान हनफी. कोकणातले आणि भटकळचे शाफई. हे टेलरला कशाला पाहिजे असं विचाराल तर खाली नमाजच्या ओढणीत बघा.

पण मग हनफी असून एवढ्या जणी निकाब का लावतात? कारण नंतरच्या हनफी आलिमांनी सांगितलं की मुळात चेहरा झाकायच्या भागात नसला तरी जमाना वाईट आहे, तरुण बाईनं बाहेर पडताना झाकावा. देवबंदी काय आणि बरेलवी काय, हनफींतलेच हे दोन गट बाकी शंभर गोष्टींवर भांडतील, इथं दोघांचाही कल झाकण्याकडंच. जमाते इस्लामी संघटनेचे संस्थापक मौदूदी पण चेहरा झाकायच्याच बाजूचे. अहले हदीसवाले, म्हणजे कुठल्याच मजहबाला न बांधता थेट हदीसवर चालणारे, आणखी कडक असणार असं आपण धरतो, आणि ते ज्यांना हदीसचे फार मोठे अभ्यासक मानतात ते शेख अलबानी म्हणून गेले की चेहरा झाकणं चांगलं पण सक्तीचं नाही. इजिप्तच्या अल-अझहरचे त्या वेळचे प्रमुख शेख तंतावी यांनी तर २००९ मध्ये निकाब हा रिवाज आहे, धर्माचा भाग नव्हे असं सांगून फक्त मुलींच्या वर्गात तो लावायला बंदी घातली होती. म्हणजे नुसती पंथाची पाटी वाचून माप ठरत नाही.

आणि तिसरी बाजू पण आहे, ती आपल्याकडं कमी ऐकू येते. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसींसारख्या अभ्यासक बायका म्हणतात की पडद्याची आयत, अहजाबमधली ५३ वी, पैगंबरांच्या घरच्या एका प्रसंगातली, ती सगळ्या बायकांवर लादणं नंतरच्या पुरुषांचं काम. पाकिस्तानचे जावेद अहमद घामिदी डोकं झाकणं ही मुसलमान बायकांची चांगली परंपरा मानतात, शरियतची सक्ती मानत नाहीत. बहुतेक मौलाना हे मान्य करत नाहीत, स्कार्फपर्यंत चारी मजहबांचं एकमत आहे असं ते सांगतात. पण दुपट्टा गळ्यात टाकून येणारी बाई स्वतःला कमी मुसलमान समजत नाही, आणि तिला तसं समजायचं आपल्याला पण काही कारण नाही.

मला स्वतःला विचाराल तर एवढा वाद ऐकून एकच कळलं, जी घालणार तिलाच विचारावं. तिच्या सासूला नाही, मला नाही.

सासरा चालतो, दीर चालत नाही

हे आपल्या बायकांच्या डोक्यात पटकन शिरत नाही म्हणून वेगळं लिहिते. आपल्या घरात पदर कुणासमोर? सासरे, थोरले दीर, वडीलधारे. धाकटा दीर म्हणजे तर चेष्टामस्करीचा माणूस. मुसलमान घरात हिशोब वेगळा, तिथं महरम कोण हे बघतात, म्हणजे ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही तो. बाप, भाऊ, मुलगा, सख्खा काका-मामा, सख्ख्या भावाचा-बहिणीचा मुलगा, आणि सासरा पण. त्यांच्यासमोर पडदा नाही. दीर, नणंदेचा नवरा, बहिणीचा नवरा, चुलत-मामेभाऊ हे गैर-महरम, मग दीर वयानं थोरला असो की दाढी पण न फुटलेला कॉलेजचा पोरगा असो.

आता बेळगावात दोन खोल्यांत एकत्र कुटुंब राहिलं आणि दीर घरात असला तर ती सून दिवसभर काय करणार? चुलीपुढं अबाया घालून भाकरी थोडीच थापणार. अशा बायका मोठी ओढणी मागतात, किंवा मॅक्सीवर घालायला अर्धा खिमार, म्हणजे डोक्यावरनं घालायची शिवलेली ओढणी. हे सिंथेटिकमध्ये शिवू नका, गॅस जवळ असतोय. कॉटन किंवा कॉटन मिक्स घ्या, लांबी कमरेपर्यंत, आणि समोरचं टोक लोंबू देऊ नका, गोल कापा. चेहऱ्याभोवती इलॅस्टिक घातलं की हात मोकळे राहतात. याला मागणी भरपूर आहे आणि रेडिमेडमध्ये धड मिळत नाही, त्यामुळं टेलरला चांगलं काम आहे हे.

माप आणि कटिंग

माप घ्यायला आडोसा पाहिजे, आणि माप बाईनंच घ्यायचं. घरात पुरुष माणूस असला तर आधी सांगा, दार ओढून घ्या. ज्या कपड्यावर अबाया घालणार त्याच कपड्यावर माप घ्या. साडीवर घालणारी असेल तर छातीच्या मापात ८ ते १० इंच सैल आणि मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच खाली, नाहीतर आतला पदर आणि ब्लाउजची बाही काखेत गोळा होऊन ती दिवसभर चरफडणार. ड्रेसवर घालणारीला ६ ते ८ इंच पुरे. "अक्का, तंग नक्को, ढीलाच रखो," हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा ऐकायला मिळणार आहे की ते विचारायचीच गरज नाही. टक्स घालू नका. कंबरेला आकार देऊ नका, तिनं तोंडानं मागितला तर द्या.

लांबी खांद्यापासनं घ्यायची आणि तिच्या रोजच्या चपलेवर उभं करून घ्यायची. जमिनीवर लोळणारी लांबी फोटोत छान दिसते पण खानापूर-जांबोटीच्या पावसात खालची किनार आठवड्यात चिखलानं जाते. पावसात चालणारीला जमिनीपासनं इंच-दीड इंच वर ठेवा आणि खाली त्याच कापडाची दोन इंचाची वेगळी पट्टी लावा, खराब झाली की तेवढी बदलता येते. पावलं पण झाकायची आहेत असं म्हणणारी असेल तर लांबी वाढवण्यापेक्षा मोजे सुचवा.

कापड किती लागतंय? ५८-६० इंची पन्ह्यात सरळ अबायाला ३ मीटर, छत्री कट पाहिजे असेल तर ४ च्या पुढं. ४४ पन्हा असला तर साडेचार धरा. स्कार्फचं वेगळं, २ मीटर. कापडात सध्या नीदा सगळ्यात चालतंय, वजनाला हलकं, सुरकुती नाही, पाण्यानं भिजलं तरी लवकर वाळतंय. क्रेप पडतं छान पण स्वस्तातलं क्रेप अंगाला चिकटतं. जॉर्जेट आणि शिफॉनला अस्तर लावल्याशिवाय कापू नका. आरपार दिसतंय का बघायची सोपी रीत म्हणजे कापडाखाली हात घालून ट्यूबलाईटसमोर धरा, बोटं मोजता आली तर अस्तर पाहिजे. आणि ट्रायलच्या वेळी तिला दारात उभं करा, उजेड तिच्या पाठीमागनं येऊ दे, पायांची सावली दिसली तर खालच्या भागाला पण अस्तर. दुकानातल्या आरशासमोर हे कधीच कळत नाही, घरी जाऊन उन्हात कळतंय आणि मग शिव्या टेलरला.

घेर खाली कमीत कमी ७० इंच. सरकारी बसची पायरी उंच असते, कमी घेरात पाय उचलला की एकतर बाई पडते नाहीतर शिलाई उसवते. स्कूटीवाली असेल तर ८० करा, पण घेर वाढवला की वारा भरतोय आणि कापड चाकाकडं जातंय. म्हणून साईडला गुडघ्याखाली आतून प्लेट टाका, बसलं की उघडते, उभं राहिलं की मिटते. साईड कट नुसता ठेवला तर आतली सलवार दिसते आणि ते तिला नको असतंय. लोंबणारे बेल्ट, मागची फुलपाखरू बाही, लांब झालर, हे स्कूटीवालीला सरळ नाही म्हणा, ती रुसली तरी चालेल.

बाही मनगटाच्या हाडापुढं इंचभर, आणि तोंडाला कफ किंवा आतनं इलॅस्टिक. कारण बसमध्ये वरचा दांडा धरला की बाही कोपरापर्यंत घसरते. काहीजणी अंगठ्यात अडकवायची पट्टी मागतात, ती पण सोपी आहे. पुढनं उघडा अबाया असेल तर टिचबटण छातीपासनं गुडघ्याच्या खालपर्यंत, चार-चार इंचावर, आणि आत एक जादा पट्टी, वाऱ्यानं फट पडली तरी आतलं दिसणार नाही. लहान बाळाला पाजणारी असेल तर आडवी चेन आतल्या पट्टीखाली लपवून द्या, ती तुम्हाला दुवा देईल.

खिसा. प्रत्येक अबायाला खिसा घाला, मागितला नसला तरी. २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना सुरू होऊन आपल्या कर्नाटकात बायकांना साधी सरकारी बस फुकट झाली, कंडक्टरला ओळखपत्र दाखवावं लागतंय, प्रत्येक वेळी पर्स कोण उघडत बसणार. उजव्या शिलाईत मोबाईल मावेल एवढा खोल, वर एक टिचबटण.

स्कार्फ, निकाब, रिदा

स्कार्फ दोन तऱ्हेचा, चौकोनी ४५ इंची किंवा लांब ७२ बाय २८. घसरणाऱ्या कापडाला आतली टोपी लागते, ती होजियरीत शिवा. हेल्मेट घालणारीला जाड टोपी आणि मागं उंच अंबाडा दोन्ही नको, हेल्मेट बसत नाही.

निकाबमध्ये अर्धा निकाब, म्हणजे नाकाच्या वरनं खाली छातीपर्यंत, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खपणारा. मागं बांधायच्या नाड्या द्या, वेल्क्रो स्कार्फचे धागे ओढतंय. पूर्ण निकाबला डोळ्यांची फट साडेसहा ते सात इंच रुंद आणि मध्ये नाकावर यायला बारीक दोरी, म्हणजे फट खाली-वर होत नाही. चष्मा असेल तर चष्मा लावूनच ट्रायल घ्या, श्वासाची वाफ काचेवर येते की नाही बघा. बँकेत, परीक्षेला, मतदानाला ओळख पटवायची वेळ येते, त्यामुळं एका हातानं पटकन वर करता येईल असा निकाब बहुतेकजणी मागतात, वरचा पडदा वेगळा आणि खालचा वेगळा शिवला की ते जमतंय.

बोहरा गिऱ्हाईक आलं तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यांचा रिदा दोन तुकड्यांचा, रंगीत, लेस लावलेला, चेहरा उघडा, काळा रंग चालत नाही. त्यांच्यातल्या जुन्या रिद्यावरनंच माप घ्या, अंदाजानं कापू नका.

नमाज आणि उमरा

नमाजच्या ओढणीत मजहब लागतो म्हटलं होतं ते इथं. शाफईंच्या हिशोबानं नमाजात चेहरा आणि हात सोडून सगळं झाकलेलं पाहिजे, पावलं पण, आणि हनुवटीच्या खालची जागा पण. हनफींत पावलांबद्दल आपसातच मतं वेगळी आहेत, बरेचजण उघडी चालतात म्हणतात. म्हणजे आपल्या गावात लग्न होऊन आलेली कोकणची सून असेल तर तिला जमिनीवर पसरेल असा नमाजचा झगा लागतो आणि चेहऱ्याच्या गोलाला हनुवटीखाली जादा तुकडा लागतो. इथल्याच बाईला त्याच लांबीचा शिवलात तर सजद्याला, म्हणजे कपाळ टेकायला, जाताना पायात अडकला म्हणून परत आणेल. नमाजच्या कपड्यात कॉटनच, रंग कुठला पण, फक्त पातळ नको.

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जाणाऱ्यांची ऑर्डर हल्ली बरीच असते. इथं एक गंमत आहे जी नव्या टेलरना ठाऊक नसते: इहराममध्ये, म्हणजे त्या यात्रेत पाळायच्या पवित्र अवस्थेत, बाईनं निकाब लावायचा नाही आणि हातमोजे घालायचे नाहीत, ही हदीस बुखारी नावाच्या संग्रहात आहे. चेहरा उघडा चालतो म्हणणारे हाच दाखला देतात की बघा, अल्लाच्या घरी तर चेहरा उघडाच. समोरचे म्हणतात की काढायला सांगितलं म्हणजे एरवी लावत होत्या ना. दोघांचं म्हणणं ऐकून मला तर दोन्ही पटतंय. शिवायला काय फरक, तर ज्यांना तिथं पण चेहरा परपुरुषाला दिसू द्यायचा नाही त्या टोपीच्या पुढच्या झापेवरनं पातळ कापड सोडतात, चेहऱ्याला लागत नाही असं. टोपीच्या झापेत बकरम दुहेरी घाला नाहीतर उन्हात वाकतंय. इहरामला बायकांना पांढराच रंग पाहिजे असं काही नाही, आपल्याकडं पांढरा घालायची पद्धत पडलीय एवढंच. पांढरा शिवलात तर अस्तर आलंच.

शाळा-कॉलेजच्या पोरी

हे कर्नाटकातल्या टेलरला टाळता येत नाही. ५ फेब्रुवारी २०२२ ला सरकारनं युनिफॉर्मचा आदेश काढला, १५ मार्चला हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी हिजाब इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगून तो आदेश उचलून धरला. १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, न्या. हेमंत गुप्तांनी अपील फेटाळलं, न्या. सुधांशु धुलिया म्हणाले हा निवडीचा प्रश्न आहे, आणि प्रकरण मोठ्या बेंचकडं द्यायचं ठरलं. सीमा ओलांडून महाराष्ट्रात शिकणाऱ्या पोरींना कर्नाटकचा आदेश लागू नव्हता पण तिथं पण कॉलेज-कॉलेजचे नियम आहेतच, मुंबईतल्या एका कॉलेजची हिजाबबंदी सुप्रीम कोर्टानं ९ ऑगस्ट २०२४ ला थांबवली होती. इब्न अब्बास आणि इब्न मसूद यांच्यात जे मिटलं नाही ते कोर्टात मिटवायला गेलो आपण, असं आलिमा आपा म्हणाल्या होत्या. इराणात बघा, १९३६ मध्ये पोलिसांनी डोक्यावरनं ओढून काढलं, १९८३ पासनं त्याच देशात न घातल्याबद्दल शिक्षा. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं होतं?

आपलं काम एवढंच की पोरीला कॉलेजचा नियम विचारा. गेटवर उतरवायचा असेल तर पुढनं उघडा, टिचबटणाचा, घडी करून बॅगेत मावणारा अबाया द्या, नीदामध्ये तो जाडजूड होत नाही. स्कार्फ चालत असेल तर युनिफॉर्मच्या दुपट्ट्याच्या रंगात शिवा, जमलं तर युनिफॉर्मच्याच कापडात.

काळा रंग आणि चमकी

काळाच पाहिजे असं कुराणात कुठं नाही. काळ्याच्या बाजूनं उम्मे सलमांची एक हदीस देतात, मदिनेच्या बायका अशा बाहेर पडल्या की जणू डोक्यावर कावळे बसलेत. बाकी गोकाक-अथणीच्या एप्रिलच्या उन्हात काळं घालून बघा म्हणजे करडा, कॉफी, बाटली हिरवा हे रंग का खपतात ते कळेल. चमकी आणि खड्यांवरनं मात्र आई आणि पोरीत माझ्या दुकानात रोज भांडण. आई म्हणते झाकायचं कापडच दागिन्यासारखं चमकलं तर उपयोग काय, आणि सूरह अहजाबमधली ३३ वी आयत सांगते, मिरवू नका वाली. पोरगी म्हणते ईदला काय पाहिजे मग. तोड अशी की खडे बाहीच्या कफवर आणि स्कार्फच्या टोकाला, तेही वेगळ्या पट्टीवर, नको झालं की उसवून काढता येतंय. पट्टीचे पैसे वेगळे सांगा.

नवरा किंवा सासू मध्ये पडून माप बदलायला लावतात तेव्हा भांडू नका. शिलाईत दोन्ही बाजूला इंच-इंच जागा सोडा आणि घालणारीला हळू सांगा की जागा आहे, पुढं-मागं कधीही कमी-जास्त करून देते.

आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नवी ऑर्डर घेऊ नका, कितीही गोड बोलल्या तरी. त्यांची तरावीहची रात्रीची नमाज, शबे कद्रचं जागरण, इफ्तारची गडबड, ट्रायलला यायला वेळ नसतोय, आणि ईदच्या चांदरातीला अकरा वाजता दार वाजतंय. शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातच, सांगून ठेवा, अर्धे पैसे आधी घ्या, आणि उरलेलं कापड पिशवीत घालून परत द्या, त्यात आतली टोपी निघते.